‘जुगार? छे हो, मी फक्त टीम लावतो!’



बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधले काही महिने प्रश्नावलीत गेले. नव्याने वाचणाऱ्यांसाठी सांगतो, माझा पीएचडीचा विषय आहे विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमधला ऑनलाइन जुगार आणि त्याचा मानसिक आरोग्याशी असलेला संबंध. एम.एस्सी. संख्याशास्त्रात केली, त्यामुळे मला वाटायचं की आकडे गोळा झाले की खरं काम सुरू होतं. प्रश्न काय, कोणीही लिहील! हा गैरसमज कसा उतरला आणि त्यातून मी थेट इतिहासात कसा जाऊन पडलो, त्याची ही गोष्ट.

प्रश्नावली पक्की करण्याआधी ती थोड्या मुलांकडून भरून घेऊन बघतात. प्रश्न कळतात का, कुठं अडखळायला होतं, हे तपासायला. २०२५ची आयपीएल चालू होती तेव्हा मी हे करत होतो. तिसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलानं ‘गेल्या बारा महिन्यांत तुम्ही जुगार खेळला आहात का?’ या प्रश्नापुढे ‘नाही’वर खूण केली. त्यामुळे पुढचे सगळे प्रश्न त्याला लागूच झाले नाहीत. पाच मिनिटांत मोकळा. मग आम्ही टपरीवर चहा प्यायला गेलो. तिथं तो सहज म्हणाला, “काल कॅप्टन चुकला दादा, दोनशे गेले.”

मी विचारलं, “मग मघाशी ‘नाही’ का लिहिलंस?”

तो खरंच गोंधळला. “जुगार? छे हो दादा, मी फक्त टीम लावतो. जुगार म्हणजे मटका, तीन पत्ती वगैरे. हे स्किलचं असतं. टीव्हीवर जाहिरात येते की!”

तो खोटं बोलत नव्हता, ही गोष्ट महत्त्वाची. खोटं बोलणारा माणूस संशोधनात परवडतो, त्याच्यासाठी युक्त्या असतात. पण प्रामाणिकपणे चुकीचं उत्तर देणाऱ्याचं काय करायचं? मी हे मार्गदर्शक बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “हा ‘नाही’ आला कुठून ते शोध. तेच तुझं पहिलं प्रकरण.”

शोधत गेलो तेव्हा कळलं, की या एका ‘नाही’मागं निदान दीडशे वर्षांचा कायदा, कापसाचे भाव, शब्दकोडी, रमीचा क्लब आणि अमेरिकेतलं एक रुग्णालय आहे.

फार जुनी सुरुवात, थोडक्यात

जुगाराचा इतिहास म्हटला की आपण लगेच महाभारतातल्या द्यूतावर जातो. त्याच्याही आधीचं ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं जुगाऱ्याचं सूक्त मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यातला माणूस राजा नाही, साधा कर्जबाजारी गडी आहे. बायको दुरावली आहे, घरचे ओळख दाखवत नाहीत. आता खेळायचं नाही असं तो ठरवतो, पण फाशांचा आवाज आला की पाय तिकडंच वळतात. आजच्या मानसोपचारतज्ज्ञाला यात निदानाची जवळजवळ सगळी लक्षणं सापडतील.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मात्र सूर वेगळा आहे. तिथं द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. त्यानं जुगार एकाच ठिकाणी चालवायचा आणि जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारजमा करायचे. म्हणजे जुगाराला एक जागा हवी आणि त्या जागेवर कुणाची तरी नजर हवी. ही ‘जागे’ची कल्पना लक्षात ठेवा, ती पुढे फार लांबवर येते.

आणि एक विद्यार्थी. सोळाव्या शतकात इटलीतल्या पाव्हिया आणि पादुआ इथं जेरोलामो कार्दानो वैद्यकी शिकला. फासे आणि पत्ते यांचा त्याला विलक्षण नाद. आपण पंचवीसेक वर्षं फासे खेळलो, असं त्यानं आत्मचरित्रात कबूल केलंय. पुढे बायकोचे दागिनेही त्यानं गहाण टाकले. गंमत म्हणजे फाशांच्या शक्यतांचं गणित मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्याचं नाव येतं. त्याचं जुगारावरचं पुस्तक १६६३ साली, म्हणजे तो गेल्यावर जवळजवळ नव्वद वर्षांनी छापलं गेलं. त्यात तो म्हणतो की जुगार वाईट असला तरी इतकी माणसं खेळतात, की वैद्यानं त्याकडे एखाद्या बऱ्या न होणाऱ्या दुखण्यासारखं पाहायला हवं. संख्याशास्त्राच्या वर्गात आम्हाला कार्दानो शिकवला, पण गणित येत असूनही तो हरत राहिला, हे कुणी सांगितलं नव्हतं. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

कायद्यानं अड्डा शोधला

आता आपल्याकडे येऊ. १८६७ साली ब्रिटिश सरकारनं सार्वजनिक जुगाराचा कायदा केला. मुंबई इलाख्यासाठी १८८७ मध्ये वेगळा कायदा आला, मुंबई जुगार प्रतिबंध कायदा. महाराष्ट्रात नाव बदलून तोच आजही चालतो. या कायद्यांच्या मध्यभागी जुगारी माणूस नाही. मध्यभागी आहे जुगाराचा अड्डा. म्हणजे चार भिंती, तिथली जुगाराची साधनं आणि त्यातून नफा काढणारा मालक. पोलिसांनी धाड घालायची आणि आत सापडेल तो खेळायलाच आला होता असं धरून चालायचं.

कायदा असा जागेवर आणि साधनांवर बेतला की लोक त्याच्या बाहेरचा खेळ शोधतात. मुंबईत लगेच तसंच झालं. त्या काळी पावसावर सट्टा लागायचा. ठरलेल्या वेळेत इतका पाऊस पडेल का, की छपराच्या पन्हळीतून पाणी वाहील? लोक आभाळाकडे बघत पैसे लावायचे. १८८९ मध्ये एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि पावसाचा सट्टा १८८७च्या कायद्यात बसत नाही असं ठरलं. आभाळाला जुगाराचं साधन कसं म्हणणार? मग १८९० मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पावसाचा सट्टा आत घ्यावा लागला. फोनवरच्या जुगाराबद्दल आज जे चाललंय, त्याची ही रंगीत तालीम वाटते मला. खेळ पुढे, कायदा मागे.

त्याच कायद्यात आणखी एक छोटंसं कलम आहे, तेरावं. निव्वळ कौशल्याच्या खेळांना हा कायदा लागू नाही, एवढंच ते सांगतं. तेव्हा हे अगदी वाजवी होतं. बुद्धिबळ खेळणाऱ्यांवर धाड कशाला घालायची? पण चहाच्या टपरीवर मला जे ‘स्किल’ ऐकू आलं, त्याचं बी इथं आहे.

मटका: कापसापासून मडक्यापर्यंत

त्या मुलानं जुगाराचं उदाहरण म्हणून पहिलं नाव मटक्याचं घेतलं. त्यानं स्वतः आयुष्यात आकडा लावलेला नाही. तरी महाराष्ट्रात ‘जुगार’ म्हटलं की डोळ्यांपुढे मटकाच येतो.

मटक्याची सुरुवात कापसाच्या भावांवरच्या सट्ट्यातून झाली. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीला उघडला आणि कितीला बंद झाला, हे मुंबईत तारेनं, नंतर टेलिप्रिंटरवर यायचं. त्या भावातल्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे मटक्यातले शब्द तिथून आलेत. १९६१च्या सुमाराला न्यूयॉर्कहून भाव येणं थांबलं. मग आकडाच इथं काढायचा ठरलं. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला आणि दोन वर्षांनी रतन खत्री यांनी आपला वेगळा मटका काढला. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत, म्हणून नाव मटका. पुढे पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची, बेरजेतला शेवटचा आकडा तो ओपन. नंतर पुन्हा तसंच करून क्लोज. दोन्ही मिळून जोडी.

यात संख्याशास्त्र अगदी सोपं आहे. शून्य ते नऊ असे दहा आकडे, आणि एकेरी आकडा लागला तर मिळायचे साधारण नऊपट. दहा आकडे सारख्याच वेळा येतात असं धरलं, तर दर शंभर रुपयांमागे सरासरी दहा चालवणाऱ्याकडे राहतात. (तीन पत्त्यांच्या बेरजेत सगळे आकडे अगदी तंतोतंत सारखे येत नाहीत, पण इथं तेवढं सोडून देऊ.)

गिरणगावात मटका का फोफावला, हे समजायला मात्र गणित पुरत नाही. पगार ठरलेला, वाढण्याची आशा नाही, आणि रुपया-दोन रुपयांत स्वप्न विकत मिळतंय. रात्री पडलेल्या स्वप्नावरून आकडा लावणारे होते, लोकलच्या तिकिटावरचा नंबर बघून लावणारे होते. १९८२च्या संपानंतर गिरण्या मोडल्या, पण मटका काही लगेच गेला नाही.

माझ्या विषयासाठी मटक्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, तो दिसायचा. पानाच्या टपरीमागं चिठ्ठी फाडणारा माणूस कोण, हे अख्ख्या चाळीला ठाऊक असे. पगाराच्या दिवशी नवरा कुठं वळला ते बायकोला संध्याकाळी कळे. बदनामी होती, भांडणं होती, पण बदनामी व्हायला कुणीतरी बघणारं लागतं. दुसरी, तो थांबायचा. ओपन आला की क्लोजपर्यंत वाट बघण्याशिवाय करण्यासारखं काही नसे. खेळाच्या रचनेतच सक्तीची विश्रांती होती.

त्याच काळात सरकारची भूमिका काय होती? मटक्यावर धाडी चालू होत्या, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र राज्य लॉटरी सुरू झाली. १९७६ मध्ये राज्यानं कॅसिनोसाठीही कायदा केला. तो कधी अंमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. शेजारच्या गोव्यानं मात्र नव्वदच्या दशकात कायदा बदलून आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रं आणि मग समुद्रातल्या बोटींवर कॅसिनो येऊ दिले. थोडक्यात, जुगार वाईट की चांगला हे बऱ्याचदा तो कुठं चालतो आणि पैसा कुणाकडे जातो यावर ठरत आलंय. कौटिल्याला याचं काही नवल वाटलं नसतं.

‘स्किल’ची वाट

आता ते तेरावं कलम. स्वातंत्र्यानंतर त्याला न्यायालयांनी आकार दिला. पहिली मोठी लढाई शब्दकोड्यांवरून झाली! बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात बक्षिसांची शब्दकोडी यायची, प्रवेशशुल्क भरून मुंबई राज्यातले लोकही ती पाठवायचे. १९५७ मध्ये चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानं दोन गोष्टी सांगितल्या. एक, जुगार म्हणजे व्यापार नव्हे, त्याला राज्यघटनेतल्या व्यापारस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. दोन, ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असतं ती जुगार ठरत नाही.

साठच्या दशकाच्या अखेरीस सिकंदराबादच्या एका क्लबातल्या रमीचं प्रकरण आलं. न्यायालय म्हणालं, रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, टाकावे-उचलावे लागतात, तेव्हा तो मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतींबद्दलही तसंच ठरलं. त्यानंतर २०१७ मध्ये पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयानं आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानलं. टीव्हीवरच्या जाहिराती याच वाटेनं आल्या.

पण रमीच्या निकालाचा अर्धा भाग सगळे विसरतात. क्लबचा मालक पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या रमीतून नफा कमावत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असंही त्याच निकालात म्हटलंय. फोनवरच्या रमीत दर डावामागे कंपनीचा वाटा असतोच. त्याला जुगाराच्या अड्ड्याचा नफा म्हणायचं की सेवाशुल्क, यावर पुढे वर्षानुवर्षं वकील भांडले.

मला यात वकिली नाही, आकडेमोड दिसते. समजा दहा जणांनी पन्नास-पन्नास रुपये टाकले. जमले पाचशे. कंपनीनं पंधरा टक्के ठेवले, उरले सव्वाचारशे. आता हे दहा जण कितीही हुशार असोत, सगळ्यांचे मिळून पंचाहत्तर रुपये गेलेच. कौशल्यानं फक्त एवढं ठरतं की ते कुणाचे किती गेले. खेळात कौशल्य आहे का हा एक प्रश्न, आणि खेळणाऱ्याला त्रास होतो का हा दुसरा. कायद्यानं दीडशे वर्षं पहिलाच विचारला. उलट कौशल्य आहे म्हटल्यावर हरलेला मुलगा ‘नशीब खराब’ म्हणून उठत नाही. तो म्हणतो, ‘मी चुकलो, पुढच्या वेळी सुधारेन.’ अभ्यासात हाच विचार आपण त्याला लहानपणापासून शिकवलेला असतो!

वैद्यकानं आजारी माणूस शोधला

इकडे कायदा अड्ड्याच्या मागे होता तेव्हा तिकडे अमेरिकेत डॉक्टर माणसाकडे बघायला लागले. १९५७ मध्ये लॉस एंजेलिसला जुगाऱ्यांचा पहिला स्वमदत गट सुरू झाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट कस्टर या मानसोपचारतज्ज्ञानं ओहायोत, माजी सैनिकांच्या रुग्णालयात, जुगाऱ्यांसाठी उपचार सुरू केले. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत, डीएसएमच्या तिसऱ्या आवृत्तीत, जुगाराचं नाव पहिल्यांदा आलं. तिथं त्याचे शेजारी होते चोरीची अनावर ओढ आणि आग लावण्याची अनावर ओढ. २०१३च्या पाचव्या आवृत्तीत त्याला दारू आणि इतर व्यसनांच्या प्रकरणात हलवलं. त्याच वेळी ‘पैशांसाठी बेकायदा कृत्य करणं’ हा निकष काढून टाकला. आता नऊपैकी चार निकष लागतात. त्यातला गेलेले पैसे भरून काढायला पुन्हा खेळणं हा निकष मला सगळ्यात बोलका वाटतो. आणि २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये ‘मुख्यतः ऑनलाइन’ जुगाराची वेगळी नोंद आहे.

ही मोठी प्रगतीच. ‘वाया गेलेला’ म्हणण्यापेक्षा ‘आजारी’ म्हणणं बरं. पण मोजपट्ट्या कुणावर बेतल्या ते बघा. १९८७ मध्ये हेन्री लेस्यूर आणि शीला ब्लूम यांनी केलेली साउथ ओक्स ही प्रश्नावली जगभर वापरली गेली. ती रुग्णालयात दाखल असलेल्या लोकांबरोबर काम करून घडवलेली. ‘जुगारासाठी पैसे कुठून आणले’ या प्रश्नाचे तिच्यातले पर्याय वाचले की एक चित्र उभं राहतं: जोडीदाराकडून, बँकेतून, सावकाराकडून, शेअर विकून, मालमत्ता विकून. म्हणजे घर-संसार असलेला, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. आमच्या मुलाकडे विकायला शेअर नाहीत. त्याच्याकडे आहे परीक्षेची फी, मेसचे पैसे, मित्रांची उधारी आणि फोनवर मिळणारं झटपट कर्ज. २००१ मध्ये कॅनडात तयार झालेली नवी मोजपट्टी सर्वसाधारण लोकांसाठी आहे, मी तीच वापरतोय. तरी सुरुवातीला ‘जुगार’ हा शब्द आला की आमचा मुलगा ‘नाही’ म्हणतो आणि मोजपट्टीपर्यंत पोचतच नाही.

अड्डा खिशात आला

जुगार इंटरनेटवर आला १९९४च्या सुमाराला, कॅरिबियन समुद्रातल्या अँटिग्वा आणि बार्बुडा या देशानं परवाने द्यायला सुरुवात केल्यावर. २००३ नंतर अमेरिकी कॉलेजांत ऑनलाइन पोकरची लाट आली. डिसेंबर २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका विद्यार्थ्यानं बँक लुटली. तो आपल्या वर्गाचा निवडून आलेला अध्यक्ष होता, आणि पोकरमध्ये काही हजार डॉलर हरला होता. अमेरिका हादरली, कारण तो जुगाऱ्यासारखा ‘दिसत’ नव्हता. विद्यार्थ्यांत हा त्रास प्रौढांपेक्षा जास्त आढळतो, हे तिथल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकातच सांगितलं होतं.

आपल्याकडे २०१६ हे वर्ष महत्त्वाचं. स्वस्त डेटा आणि यूपीआय एकाच वर्षी आले. मग २०२०ची टाळेबंदी, मुलं घरात, कॉलेज फोनवर. त्याच वर्षी आयपीएलच्या नावातच एका फँटसी कंपनीचं नाव लागलं. मटक्याच्या ज्या दोन गोष्टी मी वर सांगितल्या, त्या दोन्ही इथं गेल्या. बघणारं कोणी नाही, आणि थांबणं नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी जास्त चिकाटीनं कळ दाबत राहतात, हे स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ मध्ये कबुतरांवर दाखवलं होतं. थोडक्यात हुकलेला डावही मेंदूतली बक्षिसाशी जोडलेली केंद्रं जागी करतो, हे केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क यांच्या गटानं २००९ मध्ये दाखवलं. फोनवर हे दर मिनिटाला घडू शकतं.

भारतातल्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास कमी आहे. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या ५८ कॉलेजांत झालेला मोठा अभ्यास मी वारंवार वाचतो. साडेपाच हजारांहून जास्त मुलांत जवळजवळ पाचातल्या एकानं कधीतरी पैसे लावून खेळल्याचं सांगितलं, आणि सुमारे ७.४ टक्के मुलं ‘त्रासदायक’ गटात होती. सगळ्यात लोकप्रिय प्रकार होता लॉटरी. या गटात नापास होण्याचं प्रमाण, मानसिक ताण आणि आत्महत्येचे विचार हे तिन्ही जास्त आढळले. इथं सावध राहायला हवं. एकाच वेळी केलेल्या पाहणीतून आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही. जुगारामुळे उदास झाला, की उदास होता म्हणून रात्री फोनकडे वळला? बहुतेक दोन्ही, गोल-गोल. माझा प्रबंध त्या गोलाचं एक टोक पकडायची धडपड आहे.

माझा रूममेट

हा विषय मी का घेतला, ते आजवर लिहिलं नव्हतं. त्याची परवानगी घेऊन लिहितोय.

एम.एस्सी.ला माझा रूममेट आमच्या वर्गातला बऱ्यापैकी हुशार मुलगा. रात्री उशिरा त्याच्या पांघरुणाखाली फोनचा उजेड दिसायचा. मी चिडवायचो, कोण रे ती? तो हसायचा. मग मेसचे पैसे थकले. “घरून यायला उशीर झालाय,” म्हणायचा. मी दोनदा दिले. तिसऱ्यांदा मागितले तेव्हा खरं कळलं, रमी आणि मॅच. मी काय केलं? वही काढली आणि त्याला अपेक्षित मूल्याचं गणित करून दाखवलं! सरासरी तू हरणारच, हे सिद्ध केलं. तो शांतपणे ऐकत राहिला. त्यानंतर त्यानं मला काही सांगणंच बंद केलं. शेवटच्या सत्राची परीक्षा फी भरायची तारीख निघून गेली तेव्हा त्याचे वडील गावाहून आले. दोघं खोलीत बसले होते आणि कोणीच बोलत नव्हतं. मी बाहेर जिन्यात उभा होतो.

त्याचं एक वर्ष गेलं. पुढे त्यानं डॉक्टरांकडे उपचार घेतले, आता नोकरी करतो, बरा आहे. गेल्या वर्षी भेटला तेव्हा म्हणाला, “गणित मलाही येत होतं रे. पेपरात तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते. तू एकदा झोप लागते का विचारलं असतंस, तर मी बोललो असतो.”

कार्दानोलाही गणित येत होतं. मी तो धडा तेव्हा शिकलेला नव्हतो. कायद्यासारखाच मी खेळाकडे बघत बसलो होतो.

नवा कायदा, जुना प्रश्न

तामिळनाडूनं बरीच न्यायालयीन खेचाखेच झाल्यावर पैशांच्या ऑनलाइन खेळांवर नियम आणले. त्यात रात्री बारा ते पहाटे पाच खेळ बंद. मद्रास उच्च न्यायालयानं जून २०२५ मध्ये ते मान्य केले. मला तो पांघरुणाखालचा उजेड आठवला. मटक्यातली सक्तीची विश्रांती कायद्यानं परत आणायचा हा प्रयत्न होता.

मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा, तो चालवायला आणि त्याची जाहिरात करायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. १८८७ पासून चालत आलेला कौशल्याचा प्रश्न ऑनलाइन खेळांपुरता तरी बाजूला ठेवला गेला. या कायद्याला न्यायालयात आव्हानही मिळालं आहे. त्यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी: खेळणाऱ्याला यात शिक्षा नाही. मदत मागायला गेलात तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल, ही भीती नको.

मला काळजी वाटते ती वेगळ्याच कारणानं. ज्याला नाद लागलाय तो कायदा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी बरा होत नाही. परदेशातून चालणाऱ्या साइट्स आहेतच. कालपर्यंत ‘टीम लावतो’ असं चहा पिताना बिनदिक्कत सांगणारा मुलगा आता तेही सांगणार नाही. अड्डा दिसत नव्हताच, आता खेळणाराही दिसेनासा होईल.

म्हणून मी प्रश्न बदललाय. आता प्रश्नावलीत ‘जुगार’ हा शब्द सुरुवातीला येतच नाही. मी विचारतो, गेल्या बारा महिन्यांत पैसे लावून यांतलं काय काय केलं: टीम लावणं, रमी, पोकर, मित्रांत मॅचवर पैज, लॉटरी, आकडा? त्यानंतर, गेलेले पैसे परत मिळवायला पुन्हा पैसे टाकले का? आणि मग, झोप कशी लागते? हे कुणाला सांगितलंय का? चहावाल्या मुलाला मी नवी प्रश्नावली दाखवली. त्यानं पहिल्याच ओळीवर दोन खुणा केल्या. शेवटच्या प्रश्नावर बराच वेळ थांबला, आणि ‘नाही’ लिहिलं. हा ‘नाही’ मात्र खरा होता. मग आम्ही बराच वेळ बोललो.

वाचणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःबद्दल किंवा मित्राबद्दल काही ओळखीचं वाटलं असेल, तर १४४१६ हा सरकारच्या टेली-मानस सेवेचा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालतो. आणि मित्राशी बोलणार असाल तर वही काढू नका. आधी झोपेचं विचारा.

पुढच्या लेखात प्रश्नावलीचं भाषांतर करताना झालेल्या गमती सांगेन. तोवर काळजी घ्या.